आठव्या बोल्टाबद्दल एक खुले पत्र

प्रति,
भोसरी, चाकण, पिरंगुट, कुरकुंभ आणि आसपासच्या पट्ट्यात सॉल्व्हंट हाताळणारे सर्व कारखानदार, प्लँट मॅनेजर आणि मेंटेनन्स प्रमुख

विषय: पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या वाफेजवळ विजेच्या जोडण्यांसाठी लावतात तो फ्लेमप्रूफ बॉक्स विकत घेतल्यावर त्याचं पुढे काय होतं, याबाबत.

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी तुमच्यापैकीच एकाच्या कारखान्यात गेलो होतो. लाइन बंद होती, प्लँट शांत होता. कारखान्याचं नाव सांगत नाही, आणि तशी गरजही पडणार नाही. पुढचं वाचताना निम्म्या लोकांना आपलाच प्लँट आठवेल.

सेंट्रिफ्यूजशेजारी भिंतीवर एक जंक्शन बॉक्स होता. फ्लेमप्रूफ, ॲल्युमिनियमच्या ओतकामाचा, दोन हातांनी उचलावा लागेल असा जडशीळ, प्रमाणपत्रासकट घेतलेला. झाकणाला आठ बोल्टांची जागा. मी बोट ठेवून मोजले. पाच मूळचे ॲलन बोल्ट. दोन साधे षटकोनी डोक्याचे, गंजलेले, त्यातला एक इतका आखूड की जेमतेम दोन आट्यांवर लटकला होता. आणि आठव्या भोकात चिंधी. ग्रीसमध्ये बुडवून, स्क्रूड्रायव्हरने नीट दाबून बसवलेली.

सोबत कंत्राटदाराचा वायरमन होता, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. म्हटलं, "हे काय रे?"

"काका, पाणी जाऊ नये म्हणून. बोल्ट ग्रेटिंगमधून खाली गेला. स्टोअरला मागितला, तर म्हणाले एक बोल्ट कुठून आणू, पाकीट घ्यावं लागतं, इंडेंट टाक."

"टाकलास?"

"दिवाळीच्या आधी टाकलाय."

मी औंधच्या आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडलो आणि एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. आता ओळखीचे लोक बोलावतात तेव्हा प्लँट बघायला जातो. त्या पोराला मी रागावलो नाही. त्याने विचार केला होता, ग्रीस लावलं होतं, चिंधी नेटकी बसवली होती. फक्त तो बॉक्स कशासाठी आहे हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नंतर चहा घेताना लक्षात आलं की ते त्याच्या साहेबांनाही ठाऊक नाही. साहेब म्हणाले, "अहो, आय.पी. ६५ चा बॉक्स आहे, गॅस आत जातोच कुठे?"

या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

गॅस आत जातो, साहेब. जाणारच. आय.पी. ६५ हा आकडा धूळ आणि पाणी यांच्यापुरता आहे, वाफेशी त्याचं काही देणंघेणं नाही. दुपारी ऊन लागलं की बॉक्समधली हवा फुगते आणि फटींतून थोडी बाहेर पडते. रात्री गार झाली की तेवढीच आत ओढली जाते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपार आणि पहाट यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे बॉक्स रोज एक मोठा श्वास घेतो आणि सोडतो. पहाटे आजूबाजूला टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटची वाफ रेंगाळत असेल, तर तीच आत जाते. आत कॉन्टॅक्टर असेल, स्विच असेल, तर ठिणगी ठरलेली. अशी वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. हिवाळ्यात नायलॉनचा शर्ट काढताना अंगावर चटचट होतं, त्या ठिणगीतही पुष्कळदा याहून जास्त असते.

म्हणून फ्लेमप्रूफ बॉक्स बनवणारे एक गोष्ट गृहीत धरूनच चालतात: आत गॅस जाईल, आत ठिणगी पडेल, आत स्फोट होईल. त्या स्फोटाने बॉक्स फुटू नये आणि आतली ज्वाळा बाहेरच्या वाफेपर्यंत जिवंत पोचू नये, एवढंच या बॉक्सकडून मागितलेलं असतं.

पहिली अट सगळ्यांना कळते. म्हणून तर तो इतका जड असतो. दुसरीत गंमत आहे, आणि तिथेच घोटाळा होतो. झाकण आणि बॉक्स जिथे टेकतात तिथे रबर नसतं, मशिनिंग केलेल्या दोन सपाट पट्ट्या असतात, धातूला धातू. त्यांच्यामध्ये केसाएवढी फट मुद्दाम राहू दिलेली असते. आतला स्फोट झाला की जळता गॅस त्या फटीतूनच बाहेर पळतो. बॉक्सच्या आकारानुसार ती वाट साडेनऊ, साडेबारा, कधी पंचवीस मिलिमीटर लांब. दोन्ही बाजूंनी गार धातू घासत घासत जाताना त्या गॅसची उष्णता धातू ओढून घेतो. बाहेर पडतो तोवर तो गरम असतो, पण बाहेरची वाफ पेटवण्याइतका नसतो. या वाटेला आम्ही फ्लेमपाथ म्हणतो.

कल्पना जुनी आहे. कोळशाच्या खाणीत दिव्याने स्फोट होत, म्हणून १८१५ साली इंग्लंडात हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी लावली. ज्योत जाळीला टेकली की गार पडे, बाहेर जात नसे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल बायलिंगने खाणीतल्या विजेच्या उपकरणांवर प्रयोग करून हेच तत्त्व लोखंडी पेटीला लावलं. कुरकुंभच्या भिंतीवरचा तुमचा बॉक्स त्याच घराण्यातला.

आपल्या डोक्यात कुकर बसलेला असतो. झाकण घट्ट, रबर चांगलं, म्हणजे सुरक्षित. फ्लेमप्रूफला तो हिशेब लागू नाही. इथे वाफ निसटू द्यायची असते, फक्त ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या मापाने.

हे दुसऱ्याला शिकवायचा मला अधिकार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली असतील. सॉल्व्हंट यार्डातल्या एका फ्लेमप्रूफ स्टार्टरमध्ये दर पावसाळ्यात पाणी शिरायचं आणि रात्री-अपरात्री मला घरून बोलावणं यायचं. वैतागून मी दीड मिलिमीटरचा पॅकिंग शीट आणला, झाकणाच्या मापाने कापला, बोल्टांची भोकं पाडली आणि बसवून टाकला. पाणी थांबलं. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. दोन वर्षं तो स्टार्टर तसाच चालला. मग एक म्हातारे इंजिनिअर आले, पूर्वी खाणीत नोकरी केलेले. त्यांनी झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी अभिमानाने म्हणालो, "मी." ते म्हणाले, "आतमध्ये पेटलं तर तुझं हे पॅकिंग पहिल्यांदा उडेल. मग फट किती उरेल?"

दीड मिलिमीटर. आता काही आकडे सांगतो, म्हणजे दीडचा अर्थ कळेल. प्रयोगशाळेत प्रत्येक गॅससाठी एक फट मोजतात. ती पंचवीस मिलिमीटर लांबीची असते. तिच्यातून आतली ज्वाळा बाहेरचं मिश्रण पेटवू शकत नाही, अशी जास्तीत जास्त रुंदी म्हणजे त्या गॅसची सुरक्षित फट. प्रोपेनची ०.९२ मिलिमीटर. इथिलिनची ०.६५. ॲसिटिलिनची ०.३७. हायड्रोजनची ०.२९. यावरूनच टू-ए, टू-बी, टू-सी हे गॅस ग्रुप पडले, फट जितकी लहान तितका ग्रुप पुढचा आणि कडक. आणि प्रत्यक्ष बॉक्स बनवताना यापेक्षा बरीच कमी फट ठेवतात, पुष्कळदा ०.२ किंवा त्याच्याही खाली. म्हणजे माझं पॅकिंग उडाल्यावर जी फट उरली असती, तिच्यातून यांतला प्रत्येक गॅस आरामात पेटता बाहेर आला असता. दोन वर्षं आत ठिणगी आणि वाफ यांची गाठ पडली नाही, यात माझं कर्तृत्व शून्य. त्या रात्री मला झोप आली नाही. खोटं कशाला सांगू, तेव्हा स्फोटापेक्षा नोकरीची भीती जास्त वाटली होती.

आता त्या आठव्या बोल्टाकडे येतो. बंद पेटीत सॉल्व्हंटची वाफ आणि हवा पेटली की दाब साधारण आठ बारपर्यंत चढतो. भरल्या ट्रकच्या टायरमध्ये असतो, जवळपास तेवढा. ऐकायला फार वाटत नाही. पण झाकण एक फूट बाय एक फूट धरा, म्हणजे तीस सेंटिमीटर चौकोनी, नऊशे चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आठ किलो. झाले सव्वासात टन. क्षणभरासाठी का होईना, त्या झाकणाला आतून सव्वासात टनांचा धक्का बसतो आणि तो आठ बोल्टांत वाटला जातो, प्रत्येकी नऊशे किलो.

पालखीचे आठ भोई असतात तसं समजा. तीन बाजूला झाले म्हणून पालखी लगेच पडत नाही, पण कलते. बोल्टांचंही तेच. उरलेले पाच तुटतीलच असं नाही, चांगल्या दर्जाचा आठ एम.एम.चा बोल्ट दोन टनांना सहसा भीत नाही. पण जिकडचा बोल्ट नाही तिकडे झाकण उचललं जाईल. एक मिलिमीटरसुद्धा नको. अर्धा पुरे. चिंधीच्या भोकातून ज्वाळा येण्याचा प्रश्नच नाही, कारण चांगल्या बॉक्समध्ये बोल्टाचं भोक आत आरपार नसतं. भीती त्या भोकाच्या शेजारच्या उचललेल्या कडेची आहे. म्हणून बोल्ट फक्त असून चालत नाही. तोच दर्जा, तीच लांबी, तेवढेच आटे आणि सगळे सारखे आवळलेले लागतात. बोहरी आळीत मिळणारा कुठलाही आठ एम.एम. तिथे चालत नाही. बॉक्स बनवणाऱ्याने बोल्टाचा दर्जा कागदावर लिहिलेला असतो. तो कागद तुमच्या परचेसच्या फायलीत आहे. पोराच्या हातात नाही.

आणखी काय काय बघितलं ते थोडक्यात सांगतो, कारण यादी करायला लागलो तर रात्र जाईल.

ग्लँड. जिथे केबल आत शिरते ती जागा. तपकीर गल्लीत पितळी डबल कॉम्प्रेशन ग्लँड किलोवर मिळाल्यासारख्या मिळतात, आणि दिसायला फ्लेमप्रूफ ग्लँडची सख्खी बहीण. पण फ्लेमप्रूफ ग्लँडचे आटेही फ्लेमपाथच असतात. किमान पाच पूर्ण आटे एकमेकांत बसले पाहिजेत. मी दोन आट्यांवर उभ्या असलेल्या ग्लँड बघितल्यात, वर टेफ्लॉन टेप गुंडाळलेला, नळाला लावतात तसा. जुनी केबल काढून घेतली की मागे राहणारं भोक हा तर सार्वजनिक प्रश्न आहे. त्यात प्रमाणित स्टॉपिंग प्लग लागतो. मला सापडलेल्या वस्तू: लाकडी खुंटी, एम-सील, कापूस, आणि एकदा चक्क तंबाखूची पुडी.

रंग. हे खास आपल्याकडचं. खंडेनवमीच्या आधी साहेबांना प्लँट चकाचक हवा असतो. पेंटर येतो, स्प्रे गन चालवतो, यंत्र, पाइप, खांब, बॉक्स सगळं एका रंगात. झाकणाच्या कडेवर रंग बसतो, फटीत शिरतो, आणि पुढच्या वेळी झाकण निघत नाही म्हणून कुणीतरी छिन्नी घालतो. छिन्नीचा एक ओरखडा आडवा गेला की तिथे फ्लेमपाथ संपला. मशिनिंग केलेल्या त्या पट्टीला छिन्नी, खडबडीत पॉलिश पेपर, काहीही लावायचं नसतं. मऊ कापडाने पुसायची आणि बॉक्स बनवणाऱ्याने सांगितलेलं, न सुकणारं ग्रीस पातळ लावायचं. वर नेमप्लेटही रंगाखाली जाते. मग तो बॉक्स कुठल्या ग्रुपचा, कुठल्या तापमानाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि पूजेच्या दिवशी त्याच बॉक्समधून लायटिंगच्या माळेचं कनेक्शन. हळद-कुंकू जरूर वाहा, मीही वाहतो. माळ तेवढी ऑफिसच्या बाजूला लावा.

तापमान. बॉक्सवर टी-फोर किंवा टी-सिक्स लिहिलेलं असतं, त्याकडे कुणी बघत नाही. टी-फोर म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही, टी-सिक्स म्हणजे ८५ च्या वर नाही. ठिणगी नसतानाही नुसत्या गरम पत्र्यावर काही वाफा पेटतात. डायएथिल ईथर १६० च्या आसपास स्वतःहून पेट घेतं. हा हिशेब बहुतेक उपकरणांवर भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत आहे असं धरून केलेला असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी किती असतं ते तुम्हीच थर्मामीटर लावून बघा. आणि जुन्या वेलग्लासमधला, म्हणजे जाड काचेच्या फ्लेमप्रूफ फिटिंगमधला, मर्क्युरी दिवा काढून बाजारातला एलईडी ड्रायव्हरसकट कोंबला, तर विजेचं बिल कमी होईल, पण ज्या दिव्यासाठी ती फिटिंग तपासली होती तो दिवा आता त्यात नाही. प्रमाणपत्र त्याच दिवशी संपलं.

आणि झोनचं, म्हणजे कुठे किती वेळा स्फोटक वाफ असू शकते ते दाखवणारं, ड्रॉइंग. कन्सल्टंटने प्लँट उभा राहताना काढलेलं, रंगीत, झोन १ लाल, झोन २ पिवळा. सुंदर असतं. मग ड्रम ठेवायची जागा पलीकडे सरकते, नवा रिॲक्टर येतो, व्हेंटची पाइप वळवली जाते. ड्रॉइंग फ्रेममध्ये तसंच राहतं. मी एका ठिकाणी केबल ट्रेंचचं झाकण उचललं आणि वास आला. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते, ती उतारावरच्या पाण्यासारखी खालची जागा शोधते. तिला हवेत जेमतेम एक-सव्वा टक्का असलं तरी पेटायला पुरतं. आणि टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याजोगी वाफ सुटू लागते ते तापमान, चार अंशांच्या आसपास, म्हणजे जानेवारीच्या पहाटेलाही ती आपल्याकडे पेटायला तयारच. ट्रेंचमध्ये वाफ अडवणारी वाळू भरायची राहिली होती. ट्रेंच सरळ पॅनेल रूममध्ये जात होती. पॅनेल रूममध्ये एकही बॉक्स फ्लेमप्रूफ नव्हता, असायचं कारणही नव्हतं, ड्रॉइंगप्रमाणे ती सुरक्षित जागा होती ना.

इथेनॉलवाल्यांना वेगळं एक वाक्य. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. इथेनॉलची ती प्रायोगिक फट ०.८९ मिलिमीटर. टू-ए ग्रुपची हद्द ०.९ च्या वर सुरू होते. म्हणजे इथेनॉल त्या रेषेवर, अगदी केसभर खाली बसलंय. जुन्या सवयीने टू-ए चा माल मागवण्याआधी तुमच्या कन्सल्टंटशी बोला. टू-बी घेतलात तर भाव वाढेल, पण मग ही चर्चाच करावी लागणार नाही.

कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी उल्लेख करतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३७ ने फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं की जिथे स्फोटक वाफ किंवा धूळ होऊ शकते, तिथे ठिणगीचे सगळे संभाव्य स्रोत दूर ठेवा किंवा परिणामकारकपणे बंदिस्त करा. 'परिणामकारकपणे' हा शब्द मला आवडतो. पेट्रोलियमच्या जागांसाठी लागणाऱ्या अशा उपकरणांना नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, मान्यता देते. अशा बॉक्सांच्या चाचण्या धनबादच्या सिंफर या खाण आणि इंधन संशोधन संस्थेत होतात: आत खरोखर गॅस भरून, खरोखर स्फोट करून. पण त्या दोघांनी तपासलेला बॉक्स आठ बोल्टांचा होता. सात बोल्ट आणि एक चिंधी असा बॉक्स आजपर्यंत कुणीही तपासून पास केलेला नाही.

बॉक्स बनवण्यासाठी आय.एस./आय.ई.सी. ६००७९ या मानकांच्या मालिकेचा भाग १ आहे, बसवण्यासाठी भाग १४, तपासणीसाठी भाग १७, दुरुस्तीसाठी १९. पहिल्या भागावर बनवणाऱ्याचं पोट असतं, म्हणून तो पाळला जातो. सतराव्या भागाची प्रत मला आजवर दोनच प्लँटमध्ये दिसली. त्यात साधं सांगितलंय: बसवल्यावर उघडून तपासा, पुढेही ठरावीक काळाने तपासत राहा, आणि तज्ज्ञाला न विचारता दोन तपासण्यांमध्ये तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. तुमच्या प्लँटमध्ये शेवटची तपासणी कधी झाली? मी विचारतो तेव्हा बहुतेक ठिकाणी 'इन्शुरन्सवाले आले होते तेव्हा' असं उत्तर मिळतं.

आता माझं गाऱ्हाणं नक्की कशाबद्दल आहे ते सांगतो. तुम्ही पैसे वाचवता असं मी म्हणत नाही. फ्लेमप्रूफ मालाला साध्या मालाच्या कित्येक पट किंमत मोजता, मला माहीत आहे. पण एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू तुम्ही साइटवरच्या सगळ्यात कमी पगाराच्या, सगळ्यात घाईत असलेल्या माणसाच्या हातात देता. ब्रेकडाऊन झाला की प्रॉडक्शनचा माणूस डोक्यावर उभा असतो: "किती वेळ? बॅच खराब होतेय." तो पोरगा आठ बोल्ट सोडतो. झाकण जमिनीवर ठेवतो, मशिनिंगची बाजू खाली. वायर जोडतो. चार बोल्ट लावतो, उरलेले नंतर लावू म्हणतो. नंतर कधी येत नाही, कारण दुसरीकडे ब्रेकडाऊन झालेला असतो. कधी कधी तर लाइन बंद न करताच झाकण उघडलं जातं, टेस्टर लावून बघायला. ज्या क्षणी झाकण उघडलं त्या क्षणी तो बॉक्स म्हणजे घरातल्या मीटरपेटीसारखा एक साधा डबा.

त्या पोराला नाही म्हणायचा अधिकार नाही. तो तुम्ही द्यावा, एवढीच खरी मागणी आहे. बाकीच्या मागण्या तिच्याच पोटातल्या. आठही बोल्ट आवळल्याशिवाय आणि फिलर गेजने फट मोजल्याशिवाय लाइन चार्ज होणार नाही, आणि प्रॉडक्शनने त्यावर हुज्जत घालायची नाही, हे मॅनेजरच्या सहीने लिहून भिंतीवर लावा. मराठीतही लावा आणि हिंदीतही, कारण तुमचे निम्मे वायरमन बिहार-ओडिशाचे आहेत. 'वीज बंद केल्याशिवाय उघडू नये' ही पाटी बॉक्सवर इंग्रजीतच असते, ती वाचणारा माणूस तिथे उभा नसतो. बोल्टांचं पाकीट स्टोअरमध्ये नको, वायरमनच्या टेबलावर ठेवा. चाळीस बोल्ट हरवले तरी तुमच्या एका जेवणाच्या बिलाइतका खर्च होणार नाही. फिलर गेज घेऊन द्या, टॉर्क रेंच घेऊन द्या, आणि ती वापरायला गुरुवारचे पूर्ण चार तास द्या. आमच्याकडे लाइन बंद असलेला गुरुवार म्हणजे आठवडाभर साठलेली सगळी कामं एका दिवसात उरकणं, त्यात झाकणाची कड पुसायला कुणाला वेळ मिळणार?

आणि कंत्राट देताना सगळ्यात स्वस्त कोण एवढंच बघू नका. त्याच्या माणसांनी फ्लेमपाथ हा शब्द ऐकलाय का, ते विचारा. पाच मिनिटांची मुलाखत आहे. एक बॉक्स समोर ठेवा आणि म्हणा, बंद करून दाखव. झाकण कुठली बाजू वर करून ठेवतो, तेवढं बघितलं तरी समजेल.

फ्लेमप्रूफने सगळं भागतं असंही कुणी समजू नये. ड्रमला अर्थिंगची क्लिप न लावता टोल्युइन ओतलं, तर स्थिर विजेच्या ठिणगीला कुठलाही बॉक्स अडवत नाही. रिॲक्टरच्या आतल्यासारख्या, वाफ सतत असणाऱ्या जागेत, म्हणजे झोन ० मध्ये, हा बॉक्स साधारणपणे चालतच नाही, तिथे ठिणगीतली ऊर्जाच मर्यादित ठेवणारी वेगळी पद्धत लागते. तो विषय मोठा आहे आणि त्यातला मी जाणकार नाही. मला बोल्ट कळतात.

कुणाला वाटलं तर मी येईन. फी नको, येण्या-जाण्याचं बघा. फिलर गेज माझी असेल, कागद-पेन तुमचं. दहा बॉक्स तुम्ही निवडायचे, दहा मी निवडणार. उघडताना प्रॉडक्शन मॅनेजर शेजारी उभा हवा, एवढी एकच अट.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर
चिंचवड, पुणे

ता. क. हे लिहून झाल्यावर त्या पोराला फोन केला. बोल्टांचं पाकीट आलंय म्हणाला, पण सहा एम.एम.चं आलंय. परत पाठवलंय. मधल्या काळात त्या बॉक्सला वीज देणारा फीडर त्याने स्वतःच बंद करून कुलूप लावलंय आणि किल्ली खिशात ठेवलीय. प्रॉडक्शनवाले ओरडतायत. "काका, तुम्ही साहेबांशी बोलाल का?" असं विचारत होता. सोमवारी सकाळी बोलतो म्हणालोय.